वाळूतलं हाऊसकीपिंग

शुक्रवारची जुम्म्याची नमाज आटोपली आणि ऊन जरा उतरलं की सौदी अरेबियातल्या अल-खोबरच्या कॉर्निशवरचं गवत भरू लागतं. गालिचे, कॉफीचे थर्मास, खजुराचे डबे आणि मुलांच्या सायकली घेऊन सौदी कुटुंबं येतात. त्यांच्यापासून अंतर राखून, पाण्याकाठच्या दगडांवर दुसरी माणसं बसलेली असतात. थुक्बा वस्तीतल्या दाटीवाटीच्या खोल्यांतून चालत आलेली, चौघांत टॅक्सी वाटून आलेली. कुणी नेपाळचा, कुणी सिल्हेटचा, कुणी आझमगढचा, तर कुणी खेड-दापोलीचा. त्यांच्याजवळ गालिचा नसतो, थर्मासही नसतो. मोबाइल तेवढा असतो आणि त्यावर गावाकडच्या माणसांना मागचा समुद्र दाखवणं चाललेलं असतं.

तेल सापडण्याआधी खोबर म्हणजे मासेमारांची छोटी वस्ती होती. शेजारच्या दहरानमध्ये मार्च १९३८ मध्ये सात नंबरच्या विहिरीतून तेल भरभरून येऊ लागलं आणि त्यानंतर खोबर, दहरान, दम्माम ही तीन गावं वाढत वाढत एकमेकांना चिकटली. १९८६ मध्ये खोबरमधून समुद्रावरून थेट बहारीनला जाणारा २५ किलोमीटरचा किंग फहद कॉजवे खुला झाला. एवढं सगळं उभं करणारे हात जगभरातून आले. ज्यांनी ते उभं केलं त्यांना इथल्या समुद्राकाठी आणि वाळवंटात सुट्टीच्या दिवशी बसायला जागा कुठे, या प्रश्नाशी चिपळूणचे एक सेफ्टी ऑफिसर बरीच वर्षं झगडत आहेत. रिफायनऱ्या आणि गॅस प्लांटमध्ये शटडाऊनची, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीची, कामं घेणाऱ्या एका कंत्राटी कंपनीत ते नोकरी करतात.

उघड्यावर काम करणाऱ्या माणसाला जिवंत आणि धडधाकट घरी पाठवणं ही त्यांची नोकरी. पहाटेच्या अंधारात कॅम्पवरून बस सुटते. साइटवर पोचल्यावर काम सुरू होण्याआधी टूलबॉक्स टॉक होतो. आज कोणतं काम, धोका कुठे, पाणी कुठे ठेवलंय, सावलीचा तंबू कुठे, कोण कुणावर लक्ष ठेवणार, हे सगळं त्यात ठरतं. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२ ते ३ खासगी कंपन्यांनी माणसांना थेट उन्हात कामाला लावू नये, असा सौदी सरकारचा नियम आहे. तो नियम का, हे खोबरमध्ये एक उन्हाळा काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पारा ४५ च्या वर आणि त्यात आखाताची दमट हवा. घाम येतो, पण वाळत नाही. घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही आणि तगडा गडीही बोलता बोलता बरळायला लागतो.

अशा माणसांना सुट्टीच्या दिवशी ‘चला निसर्गात’ म्हणायचं तरी कसं? पुण्या-मुंबईचा नोकरदार आठवडाभर एसीत बसतो, म्हणून रविवारी त्याला सह्याद्री खुणावतो. इथल्या स्कॅफोल्डरचा, म्हणजे परांच्या बांधणाऱ्याचा, तर अख्खा आठवडाच उघड्यावर जातो. ऊन, वारा, वाळू यांना तो शत्रू मानतो आणि शुक्रवारी खोलीतला एसी लावून झोपतो. ऑफिसरसाहेबांनाही बरेच दिवस हेच बरोबर वाटत असे. एकदा जेवणाच्या सुट्टीत खेडकडचा एक पोरगा, खाडीकाठी वाढलेला, त्यांना म्हणाला, “दादा, आलो तेव्हापासून दर्या फक्त बसच्या काचेतून बघतोय.” साइटवर सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात. कोकणातली पोरं आडबाजूला ‘दादा’ म्हणतात. त्या पोराला झोप नको होती. त्याला पाण्याजवळ जायचं होतं आणि जायला वाट नव्हती.

वाट नव्हती हे शब्दशः खरं होतं. खोबरच्या दक्षिणेला वाळूच्या टेकड्या पाण्यापर्यंत उतरतात, तो हाफ मून बे हा या भागातला सर्वांत लाडका किनारा. पण गाडी नसलेल्या माणसाला तिथे पोचणं अवघड आणि परतणं त्याहून अवघड. शिवाय गेली काही वर्षं सोडली तर इथल्या बागा आणि किनाऱ्यांचे काही भाग फक्त कुटुंबांसाठी राखीव असत. हॉटेलांतही ‘फॅमिली’ आणि ‘सिंगल’ अशी दोन दारं असत. ती सक्ती डिसेंबर २०१९ मध्ये उठली. त्याआधी २०१७ च्या जुलैपासून परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला १०० रियाल शुल्क सुरू झालं होतं आणि ते दरवर्षी वाढत २०२० मध्ये ४०० वर गेलं. कितीतरी मराठी घरांनी बायकामुलांना गावी पाठवलं. काल ‘फॅमिली’ असलेला माणूस आज ‘बॅचलर’ झाला आणि एका खोलीत चौघांबरोबर राहू लागला. नियम आता सैल झाले आहेत, तरी मनातला संकोच लगेच जात नाही. चांगल्या जागी जाऊन बसलं तर कुणीतरी उठवेल, ही भीती कामगारांच्या अंगात मुरलेली आहे. त्यांना निसर्गाची आवड नाही, असं वरवर बघणाऱ्याला वाटतं. ते खोटं आहे.

मग ऑफिसरसाहेबांनी कामगारांना हाफ मून बेला न्यायचं ठरवलं आणि सहलीची आखणी एखाद्या शटडाऊनच्या कामासारखी केली. कंपनीकडून शुक्रवारपुरती बस मागितली. हंगाम हिवाळ्याचा, नोव्हेंबर ते मार्च. निघायची वेळ जुम्म्यानंतरची, म्हणजे नमाज पढणाऱ्यांची चुकू नये. माणशी पाणी किती, याचा हिशेब साइटवरच्याच तक्त्याने. सावलीसाठी ताडपत्री आणि चार पाइप. बसमध्ये चढताना हेडकाउंट, उतरताना हेडकाउंट. किनाऱ्यावर सगळ्यांनी जमायची एक ठरलेली जागा. कुणाला हे जरा जास्तच वाटेल. पण बहुतेकांना पोहता येत नव्हतं आणि हाफ मून बे उथळ दिसत असला तरी तिथे माणसं बुडाल्याच्या बातम्या येतात. म्हणून खाडीकाठच्या पोरांना जोडीजोडीने पाण्याच्या कडेला उभं केलं. नियम एकच होता, कंबरेच्या वर पाणी नको. एरवी साइटवर हेल्पर म्हणून ज्यांना सगळे दरडावतात, ती पोरं तिथे फोरमनलाही “मागे या” म्हणून बजावत होती आणि फोरमन मागे येत होते.

कचऱ्याचं काय करायचं, हा प्रश्नही साइटच्याच सवयीने सुटला.

बांधकामाच्या साइटवर ‘हाऊसकीपिंग’ म्हणजे शिफ्ट संपताना आपली जागा साफ करून देणं. वायरचे तुकडे, खिळे, रिकामे डबे उचलल्याशिवाय बस हलत नाही. हे प्रत्येक कामगाराच्या हाताला ठाऊक असतं. ऑफिसरसाहेबांनी किनाऱ्यावर स्वच्छतेचं भाषण दिलंच नाही. निघायच्या अर्धा तास आधी त्यांनी साइटवरच्याच आवाजात “हाऊसकीपिंग!” अशी हाक दिली. माणसं उठली, एका ओळीत उभी राहिली आणि पाण्यापासून बसपर्यंत वाळू वेचत आली. आपला कचरा उचललाच, आधी येऊन गेलेल्यांचाही उचलला. शेजारी बसलेल्या एका सौदी कुटुंबातल्या आजोबांनी हे पाहिलं, स्वतःच्या नातवंडांना हाक मारून ओळीत उभं केलं आणि नंतर सगळ्यांना कहवा पाजला. कागदाच्या पेल्यांतून नव्हे, घरच्या छोट्या फिंजानांतून. फिंजान कमी पडले म्हणून पाळीपाळीने धुऊन पाजला.

कचरा टाकणं इथे कायद्यानेही गुन्हा आहे. २०१९ मध्ये सार्वजनिक सभ्यतेचे नियम लागू झाले. त्यातल्या १९ उल्लंघनांत नमाजच्या वेळी गाणी लावणं, परवानगीशिवाय दुसऱ्यांचे फोटो काढणं आणि कचरा फेकणं हे सगळं येतं. २०२० मध्ये नवा पर्यावरण कायदा आला. वाळवंटात गस्त घालणारं पर्यावरण सुरक्षेचं स्वतंत्र दल आहे. झाड तोडणं, ठरलेल्या जागेबाहेर जाळ करणं, शिकार करणं यांसाठी ते दल दंड करतं. पण दंडाच्या भीतीने माणूस कोपऱ्यातला कचरा उचलत नाही, हा ऑफिसरसाहेबांचा साइटवरचाही अनुभव आहे. कारण कळलं की उचलतो. म्हणून ते कारणं सांगतात आणि ती अंगावर येणारी आहेत.

उंटाचंच घ्या. दुबईच्या मध्यवर्ती पशुवैद्यकीय प्रयोगशाळेतले उलरिख वर्नेरी आणि अमेरिकेतले मार्कस एरिक्सन यांच्या चमूने २०२१ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. २००८ पासून तपासलेल्या सुमारे ३०,००० मृत उंटांपैकी ३०० उंटांच्या पोटात प्लास्टिकच्या पिशव्या आणि दोऱ्यांचे घट्ट गोळे सापडले होते. लहानात लहान गोळा सहा किलोंचा, मोठ्यात मोठा जवळजवळ ६४ किलोंचा. पिशवीला अन्नाचा वास लागलेला असतो, उंट ती खातो आणि ती पोटातून पुढे सरकत नाही. पोट भरलंय असं वाटत राहून जनावर उपाशी मरतं. हे ऐकल्यावर बिर्याणीची पिशवी वाळूत पुरणारा हात थांबतो. कोकणात पुरलेलं निदान पावसाने उघडं पडतं, प्लास्टिक नसेल तर कुजतंही. इथे पाऊस जेमतेम, वाळूत ओल नाही, पुरलेलं तसंच राहतं आणि पुढच्या वाऱ्याला वर येतं.

या समुद्राने तर त्याहून मोठी घाण सोसली आहे. १९९१ च्या आखाती युद्धात लाखो पिंपं तेल पाण्यात गेलं. दक्षिण कुवेतपासून जुबैलजवळच्या अबू अली बेटापर्यंत ७०० किलोमीटरहून अधिक किनारा काळा झाला. जुबैलला तेलाने माखलेले पक्षी धुण्याचं केंद्र उघडावं लागलं. खाऱ्या दलदलींच्या गाळात दशकानंतरही ते तेल मुरलेलं सापडत होतं. आखाताची सरासरी खोली ३५ मीटरच्या आसपास, तोंड अरुंद, त्यामुळे पाणी बदलायला वेळ लागतो. याच उथळ पाण्यात ऑस्ट्रेलियाखालोखाल सर्वांत मोठ्या संख्येने डुगाँग राहतात, त्यातले पुष्कळ खोबरच्या दक्षिणेकडच्या सलवाच्या आखातात. समुद्री गवत चरणारा हा शांत प्राणी बहुतेक कामगारांनी कधी पाहिलेला नाही, पाहण्याची शक्यताही कमी. तरी ऑफिसरसाहेब त्याचा फोटो मोबाइलवर दाखवतात. आपण ज्या पाण्यात पाय बुडवले ते कुणाचं घर आहे, हे पोरांना कळावं म्हणून.

याच किनाऱ्यालगतच्या तारूत बेटाकडची फेरी कोकणातल्या मंडळींना सगळ्यात जास्त भावली. कतीफ शहर आणि तारूतच्या मधल्या उपसागरात खारफुटी आहे. अरबीत कुर्म म्हणतात ते हेच तिवराचं झाड, आपल्या खाडीतलं. सौदीच्या आखाती किनाऱ्यावर खारफुटीची ही एकच जात टिकते, कारण एवढं खारं पाणी आणि एवढं ऊन दुसरी सोसत नाही. भराव घालून यातलं पुष्कळ रान नाहीसं झालं. आता रस तनुराजवळ रहिमाच्या उपसागरात अरामकोने खारफुटीचं उद्यान राखलं आहे आणि इतरत्र लागवडही चालू आहे. चिखलातून वर आलेली तिवराची श्वासमुळं दिसली आणि खेडचा पोरगा चपला काढून आत शिरायला निघाला. “तुडवू नको रे, श्वास तिथूनच घेतंय ते झाड,” असं त्याला थांबवणारा माणूस दापोलीचा फोरमन होता. हे ज्ञान ऑफिसरसाहेबांनी दिलेलं नव्हतं. ते दोघांनीही गावाहून आणलं होतं, फक्त खोबरमध्ये ते वापरायची वेळ कधी आली नव्हती.

वाळवंटात मुक्कामाला जाण्याची सौदी रीत ‘कश्ता’ नावाने ओळखली जाते. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतच्या वस्मच्या काळात पाऊस चांगला झाला तर वाळूवर हिरवं उगवतं, अर्फजची झुडपं पिवळी फुलतात आणि हफर अल-बातिनकडे लोक फगा, म्हणजे वाळवंटी अळंब्या शोधायला धावतात. या अळंब्या रग्रूग नावाच्या बुटक्या रोपाच्या मुळांशी सोबत करून वाढतात. त्या रोपावरून गाडी गेली की पुढच्या पावसातल्या अळंब्याही गेल्या. म्हणून आधी उमटलेल्या चाकोरीतूनच गाडी न्यायची, वळसा पडला तरी. सबखा, म्हणजे वरून कोरडी आणि आतून चिखलाची खारी जमीन, दिसली तर तिच्यावर गाडी घालायचीच नाही. तिथे गाडी रुततेही आणि वर्षानुवर्षं न पुसला जाणारा ओरखडाही उठतो.

एका बाबतीत ऑफिसरसाहेब कुणाचंही ऐकत नाहीत. थंडीच्या रात्री पेटलेली शेगडी तंबूत न्यायची नाही. कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेतच जातो. आखातात दर हिवाळ्यात असे मृत्यू होतात. शेगडी पायांची, जमिनीपासून वर उचललेली, तंबूबाहेर, आणि झोपण्याआधी पाणी ओतून विझवलेली. राख थंड झाली की पिशवीत भरून परत न्यायची. लाकूड तिथल्या झुडपांचं तोडायचं नाही, येतानाच विकतचं आणायचं.

कामगारांच्या बसमागून हळूहळू कुटुंबांच्या गाड्याही येऊ लागल्या. २४ जून २०१८ पासून बायकांना गाडी चालवता येऊ लागली आणि खोबरमधल्या काही मराठी घरांचे शुक्रवार बदलले. त्याआधी नवरा थकून झोपला की घराबाहेर पडणंच संपत असे. आता ऑफिसरसाहेबांच्या शेजारीणबाई मुलांना, कधी आणखी दोन घरच्या बायकांना घेऊन स्वतः किनारा गाठतात. या शेजारीणबाईंच्या सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. गुडघे दुखरे, काठी हातात. कॉर्निशची फरसबंदी वाट त्यांना जमायची, पण हाफ मून बेच्या मऊ वाळूत चार पावलं टाकली की काठी रुतायची. पहिल्या खेपेला त्या गाडीतच बसून राहिल्या. हे पाहून स्कॅफोल्डर पोरांनी पुढच्या वेळी परवानगी काढून भंगारातल्या प्लायवुडच्या फळ्या आणल्या आणि गाडीपासून ताडपत्रीच्या सावलीपर्यंत, सावलीपासून पाण्यापर्यंत वाट अंथरली. आजी खुर्चीत बसल्या, पाय पाण्यात. फळ्या पुढेही कामी आल्या. साइटवर पाय मोडून प्लास्टर घातलेला एक नेपाळी वेल्डर त्याच वाटेने समुद्रापर्यंत गेला.

अशी वाट भारतातही झाली आहे. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हीलचेअरसाठी सुमारे २६० मीटरची लाकडी वाट बांधली गेली. पंधरवडाभरात मंदौस चक्रीवादळाने ती मोडली. महापालिकेने ती दुरुस्त करून पुन्हा सुरू केली. कोकणच्या किती किनाऱ्यांवर अशी वाट आहे, हे वाचकांनी स्वतःच आठवून पाहावं.

कोकणाने दुसऱ्या बाबतीत मात्र मोठा धडा घालून दिला आहे. ऑफिसरसाहेबांच्या चिपळूणमधल्याच सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. अंडी चोरीला जात, कोल्ही-कुत्री उकरत. संस्थेने गावकऱ्यांनाच राखणदार केलं. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्याच घरांत उतरू लागले. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, पिल्लाला हात लावायचा नाही, हे पाहुण्याला गावातला माणूस सांगतो आणि पाहुणा ऐकतो. खोबरमध्ये घडलेलं याहून वेगळं नाही. ज्याला किनाऱ्यावर परका मानलं जात होतं, त्याच्याकडे राखण दिली आणि तो राखणदार झाला. पाटी लावून, दंड लावून जे झालं नसतं ते एका हाकेवर झालं, कारण ती हाक त्यांच्या कामाची होती आणि जागा त्यांची झाली होती.

सगळं सुरळीत चालतं असं नाही. बस दर वेळी मिळत नाही. शटडाऊनच्या दिवसांत सुट्टीच रद्द होते. एका ठिकाणी पहारेकऱ्याने पुरुषांची एवढी मोठी बस पाहून परत पाठवलं, तेव्हा मंडळी वाद न घालता दुसऱ्या किनाऱ्यावर गेली. काही जणांना अजूनही शुक्रवारी झोपच हवी असते आणि ते त्यांचं म्हणणं रास्त आहे. आठवड्याचे सहा दिवस उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाला झोपेचा हक्क आधी.

ऑफिसरसाहेबांचं करार संपेपर्यंतचं एक मागणं आहे आणि ते आखातातल्या गाडीवाल्या मराठी घरांकडे आहे. नोव्हेंबर ते मार्च हा बाहेर पडायचा हंगाम. या शुक्रवारी किनाऱ्यावर निघालात तर मागच्या सीटवरची एक रिकामी जागा कॅम्पमधल्या आपल्या गावच्या एखाद्या माणसाला द्या. माणशी तीन लिटर पाणी, एक ताडपत्री आणि कचऱ्याच्या दोन पिशव्या घ्या, एक आपल्यासाठी आणि एक आधी येऊन गेलेल्यांसाठी. घरी कुणाचे गुडघे दुखत असतील तर डिकीत प्लायवुडच्या दोन फळ्या टाका. एकीवर उभं राहून दुसरी पुढे टाकत गेलं की पाण्यापर्यंत पोचता येतं.